वॅट बघून कोरलची लाईट घेऊ नका

प्रति,
मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरच्या फिशटँकवर जो लेख आलेला तो वाचला. गोड्या पाण्याचा भाग चांगला झालाय, गप्पी, मॉली, एंजल, फिल्टर, सगळं नीट सांगितलंय, पण शेवटच्या दोन परिच्छेदांत लेखक एकदम समुद्राच्या टँकवर उडी मारतात आणि लिहितात की हार्ड कोरल ठेवायचं असेल तर लिटरला एक वॅट या हिशोबाने एलईडी लावा, रंग पांढरा की निळा ते तुमच्या आवडीवर. इथे मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. जरा मोठं होणार आहे, कापलंत तरी चालेल पण आकडे कापू नका.

मी गल्फमध्ये अक्वेरियम मेन्टेनन्सचं काम केलंय, मॉलमधले आणि बंगल्यातले रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचे कोरलवाले टँक, सांभाळायचे, आता गावी मालवणात आहे, हॉटेलांचे फिशटँक बघतो आणि सोबत इलेक्ट्रिकची कामं. हल्ली तारकर्ली-देवबाग साईडच्या होमस्टेवाल्यांना रिसेप्शनमध्ये कोरलचा टँक पाहिजे झालाय, म्हणजे पर्यटक स्कूबा करून वर आला की तेच त्याला काचेत दाखवायचं. त्यामुळे असा लेख आला की दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजतो. यावेळी पण वाजला. "अरे साठ वॅट लिवलेला आसा मरे, पुरे नाय काय?" आता याला फोनवर काय सांगणार.

लाईटच्या आधी एक गोष्ट, जी लेखात एका ओळीत पण नव्हती आणि आपल्या जिल्ह्याच्या पेपरात तरी ती यायलाच पाहिजे होती. हार्ड कोरल, म्हणजे सांगाडा असलेली सगळी दगडी प्रवाळं, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ सालापासून. म्हणजे कायद्याच्या नजरेत वाघाच्या रांगेत. आपल्या समुद्रातलं पोवळं तोडणं, विकणं, घरी ठेवणं गुन्हा आहे, जिवंत काय आणि मेलेलं पांढरं काय, शोकेसमध्ये ठेवलेला तुकडा पण त्यात आला. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीची प्रवाळं त्यातच. परदेशातून आणायचं तर सगळी दगडी कोरलं साईटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तिथला निर्यात परवाना, इथली परवानगी, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर (ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली) हे सगळं अजून कडक झालंय. तेव्हा कोणी "गुपचूप देतो, कागद नकोत" म्हणाला तर तिथूनच मागे फिरा, आणि कागद आहेत म्हणाला तरी ते हातात घेऊन वनखात्यात विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. मी स्वतः इथे एकाही टँकमध्ये हार्ड कोरल लावत नाही, मासे लावतो. पुढचं जे लिहितोय ते ज्यांच्याकडे सगळं रीतसर आहे त्यांच्यासाठी, आणि आपली जी शेकडो पोरं दुबई, मस्कत, कुवेतला आहेत त्यांच्यासाठी. त्यांच्यातले बरेच तिकडे दुकानातून रीतसर कोरल घेऊन टँक ठेवतात आणि रात्री मोबाईलवर तुमचाच पेपर वाचतात.

आता वॅटचं. कोरल हा प्राणी आहे पण त्याच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो, त्याच जोरावर कोरल आपला दगडाचा सांगाडा घालत जातं. उजेडात सांगाडा अंधारापेक्षा बराच जोरात वाढतो. म्हणजे टँक तुम्हाला किती झगझगीत दिसतो याच्याशी कोरलला काही देणंघेणं नाही, त्या आतल्या शेवाळापर्यंत कामाचा उजेड किती पोचला एवढंच त्याला कळतं. आणि वॅट काय सांगतो? लाईटने बोर्डातून किती वीज ओढली. बस. तो आकडा बिलासाठी आहे. लिटरला एक वॅट किंवा अमेरिकन लोकांचं गॅलनला चार-पाच वॅट हे जे हिशोब आहेत ते ट्यूबच्या जमान्यातले, तेव्हा सगळ्या ट्यूबा साधारण सारख्याच उजेडाच्या असायच्या म्हणून ते कसंबसं चालून गेलं. एलईडीत एकाच वॅटच्या दोन फिक्स्चरमध्ये चिप वेगळी, लेन्स वेगळी, करंट वेगळा, त्यामुळे टँकच्या तळाशी पोचणाऱ्या उजेडात दुपटीचा फरक सहज पडतो. लिटर तर त्याहून फसवं. दोनशे लिटरचा टँक दीड फूट खोल असू शकतो आणि अडीच फूट पण असू शकतो, लिटर तेवढेच, पण तळातल्या कोरलला मिळणारा उजेड एकच असेल का?

मोजायचं असतं ते पार (इंग्रजीत PAR). झाडाला किंवा शेवाळाला अन्न बनवायला ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला उजेड लागतो, त्या पट्ट्यातले प्रकाशाचे कण एका चौरस मीटरवर सेकंदाला किती पडले तो हा आकडा, मायक्रोमोलमध्ये सांगतात. अंदाज यावा म्हणून सांगतो, भर दुपारी स्वच्छ आभाळाखाली चिवला बीचवर उभे राहिलात तर पार २००० च्या घरात असतो. टँकमध्ये एवढा कोणालाच नको. टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन ही मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे कोरलचा एकेक छोटा जीव) कोरलं, ज्यांना एलपीएस म्हणतात, त्यांना ७५ ते १५० पुरे होतो. मॉन्टीपोराला दीडशे ते अडीचशे. आणि अॅक्रोपोरा, ती फांद्याफांद्यांची, जी फोटोत बघून सगळे वेडे होतात, तिला २५० ते ३५० धरून चला. हे हॉबीतले चालते आकडे आहेत, दगडावरची रेघ नाही, त्याच जातीचं कोरल समुद्रात कुठल्या खोलीतून आलंय त्यावर पण फरक पडतो. पण बघा ना, एकाच "हार्ड कोरल" शब्दाखाली ७५ आणि ३५० दोन्ही आले, मग त्यांना एकच लाईट कशी सांगणार? आपल्या मालवणच्या खडपांवरची पोराइट्स, टर्बिनेरिया, गोनिअॅस्ट्रिया तर गाळाच्या पाण्यात जगतात, पावसाळ्यात हात बुडवला तर दिसत नाही असल्या पाण्यात. आणि तिकडे आंग्रिया बँक, विजयदुर्गच्या समोर शंभर किलोमीटरच्या आसपास आत समुद्रात, वीस मीटरहून खोल असून पण पाणी स्वच्छ म्हणून तिथे उजेड पोचतो. दोन्हीकडे हार्ड कोरलच.

पार मीटर महाग असतो हे खरं आहे, पाण्यात बुडवायचा सेन्सर असलेले अपोजी वगैरेचे चांगले आहेत पण एका घरगुती टँकसाठी कोण घेणार, चार जणांत मिळून घ्या किंवा एका दिवसासाठी कोणाचा तरी मागून आणा, गल्फमध्ये बरीच दुकानं भाड्याने देतात. मोबाईलवरच्या लक्स मीटरचं अॅप वापरून गुणाकार-भागाकार करणारे पण खूप भेटतात. सूर्याच्या उजेडाला ते चालतं, लक्सला ५४ ने भागलं की साधारण पार येतो. पण लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात, आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा हिरवा-पिवळा सगळ्यात जास्त दिसतो आणि निळा कमी, त्यामुळे निळ्या रीफ लाईटखाली लक्स मीटर भलताच कमी आकडा दाखवतो. माणसाला वाटतं लाईट कमी पडतेय, तो वाढवतो, आणि आठवड्यात कोरल पांढरं. हा प्रकार मी गल्फमध्ये गिऱ्हाइकांच्या घरी एवढा बघितलाय की अॅपचं नाव काढलं तरी डोकं फिरतं.

जास्त लाईटने कोरल पांढरं कसं होतं हे पण लोकांना पटत नाही, "उजेड जास्त तर बरंच की" म्हणतात. शेवाळाची उजेड वापरायची एक मर्यादा असते, त्याच्या पुढे उजेड वाढवून अन्न वाढत नाही, उलट पेशीत ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि कोरल ते शेवाळच बाहेर टाकतं. ब्लीचिंग म्हणतात ते हेच. समुद्रात ते बहुतेक पाणी तापल्यामुळे होतं, टँकमध्ये पाणी तापलं आणि वर लाईट पण जास्त असली तर दोन्ही मिळून होतं. उलट लाईट कमी पडली तर कोरल तपकिरी व्हायला लागतं, कारण आतलं शेवाळ वाढतं (पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त झालं तरी होतं, म्हणून आधी पाणी टेस्ट करा मग लाईटला शिव्या द्या).

रंग आवडीवर सोडा असं लेखात आहे, तर ते पण नाही. समुद्रात तांबडा उजेड पहिल्या काही मीटरमध्येच संपतो, निळा सगळ्यात खोल जातो, आणि कोरलमधलं शेवाळ त्या निळ्यावरच पोसलेलं आहे, साधारण ४२० ते ४८० नॅनोमीटरचा पट्टा त्याला सगळ्यात उपयोगी. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात, आकडा वाढला की निळसर. घरातली पांढरी ट्यूब ६५०० केल्विनची असते, रीफसाठी १४,००० ते २०,००० केल्विनकडे झुकलेला रंग धरतात. थोडा पांढरा ठेवा, बघणाऱ्याला सुख वाटतं आणि कोरलला पण त्रास नाही, पण नुसता पांढरा-तांबडा जोरात ठेवलात तर काचेवर आणि दगडांवर हिरवं शेवाळ माजेल. बाय द वे चांगली निळी एलईडी बनवायला माणसाला इतकी वर्षं लागली की २०१४ चं फिजिक्सचं नोबेल त्यासाठीच दिलं, ती निघाली नसती तर एलईडीवरचे रीफ टँक झालेच नसते.

आणि दुकानातल्या निळ्याला भुलू नका. दुकानदार कोरलच्या टँकवर फक्त निळी लाईट ठेवतो कारण कोरलच्या अंगातले फ्लुरोसंट रंग निळ्याखाली पेटल्यासारखे दिसतात, हिरवा, केशरी, गुलाबी. तेच कोरल घरी साध्या उजेडात साधं तपकिरी दिसतं आणि माणूस म्हणतो मला फसवलं. घेताना सरळ सांगा, भाऊ पांढरी लाईट लाव, मग बघतो. लाव म्हटल्यावर जो कुरकुर करतो त्याच्याकडून घेऊच नये असं माझं मत.

आता कुठली लाईट. मेटल हलाइड हा जुना राजा, अडीचशे वॅटचा एक बल्ब टाकला की अॅक्रोपोरा खूश, पाण्यात सूर्यासारख्या लहरी नाचतात, अजून कुठल्या एलईडीला ते तितकं जमलं नाही असं मी म्हणेन. पण हिशोब करा, अडीचशे वॅट गुणिले आठ तास म्हणजे दिवसाला दोन युनिट, चार फुटाच्या टँकला दोन बल्ब म्हणजे चार युनिट, महिन्याला १२० युनिट नुसते लाईटचे, आणि ती सगळी उष्णता पाण्यात, मग चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं मशीन, त्याचं बिल वेगळं. कोकणात मे महिन्यात खोलीच ३३-३४ डिग्री असते आणि टँक पाहिजे २५ ते २७. कोणी सांगतात पाण्यावर पंखा मारा, बाष्पीभवनाने थंड होतं, ते कोरड्या हवेत, देशावर. इथे मेमध्ये हवाच एवढी ओली असते की वाफ उडणार कुठे. त्यामुळे आपल्याकडे हलाइड विसरा. दोन्ही बाजूंनी पिना असलेला बल्ब असेल तर समोरची काच कधी काढू नका हे मात्र सांगून ठेवतो, यूव्ही थेट बाहेर येतो, कोरल पण भाजतं आणि डोळे पण.

टी-फाईव्ह ट्यूबा मला मनापासून आवडतात कारण उजेड सगळीकडे सारखा पसरतो, सावल्या पडत नाहीत, पण नऊ-बारा महिन्यांनी ट्यूब बदलावी लागते, दिसायला चालू असते पण उजेड उतरलेला असतो आणि रंग सरकलेला असतो. राहिली एलईडी. आज घ्यायची तर तीच. पण एलईडीचा दोष म्हणजे ती टॉर्चसारखी एका ठिकाणी मारते, मधे ४०० आणि कोपऱ्यात ८० असं होतं, आणि फांद्यांच्या कोरलला वरून एकाच बाजूने उजेड आला की खालचा भाग सावलीत राहून मरत जातो. म्हणून एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या, पाण्यापासून नऊ-दहा इंच वर टांगा, ९० किंवा १२० डिग्रीची लेन्स बघा, अरुंद लेन्सची घेऊ नका, टँक खूप खोल असेल तर गोष्ट वेगळी. आणि मग मीटरने टँकचा नकाशा काढा, वर, मध्ये, तळाला, दोन्ही कोपऱ्यांत, आणि त्याप्रमाणे कोरल बसवा. लाईट कोरलला जुळवण्यापेक्षा कोरलची जागा लाईटला जुळवणं सोपं असतं, अॅक्रोपोरा वरच्या दगडावर, हॅमर-टॉर्च खाली बाजूला.

नवीन लाईट लावली की पहिल्या दिवशी शंभर टक्के करायची हौस सगळ्यांना असते. नर्सरीच्या सावलीतलं हापूसचं कलम थेट माळावरच्या उन्हात लावलं तर काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. चाळीस-पन्नास टक्क्यांवर सुरू करा आणि तीन-चार आठवड्यांत वर न्या. दिवसाला आठ ते दहा तास बस, त्यात सकाळ-संध्याकाळ हळू चढणं-उतरणं धरून. हॉटेलवाले रात्री अकरापर्यंत गिऱ्हाईक असतं म्हणून टँक चालू ठेवतात, ते नको, कोरलला अंधार पण लागतो. रात्री दाखवायचंच असेल तर टाईमर दुपारी उशिरा सुरू करा, तास वाढवू नका. खिडकीतल्या उन्हात टँक ठेवून लाईटचे पैसे वाचवणारे पण असतात, त्यांचे पैसे चिलरमध्ये जातात.

एक गोष्ट लेखात अजिबात नाही. लाईट वाढली की कोरल वाढतं, कोरल वाढलं की पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (म्हणजे सांगाड्याला लागणारे कार्बोनेट क्षार) संपायला लागते. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी ८-९ डीकेएच (हे तिचं माप), मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, हे टेस्ट किटने बघत राहावं लागतं, नाहीतर नुसत्या लाईटने कोरल वाढत नाही. जर्मन लोक काल्कवासर म्हणतात ती आपली चुन्याचीच निवळी, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साईडची, रात्री थेंबथेंब सोडतात. पानपट्टीचा चुना नाही हां. आणि एकदम ओतायची तर मुळीच नाही, पीएच १२ च्या वर असतो तिचा.

आता माझ्या धंद्याचं. खाऱ्या हवेत एलईडीचा पंखा आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) हे दोन पहिले जातात. पंखा जाम झाला की चिप तापते आणि उजेड हळूहळू उतरतो, तुम्हाला कळत पण नाही, कोरलला कळतं. महिन्यातून एकदा पंखा पुसा, काचेवरचं मीठ पुसा, मिठाचा थर पण उजेड खातो. ड्रायव्हर टँकच्या वर ठेवू नका, बाजूच्या भिंतीवर न्या. वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावल्याशिवाय खाऱ्या पाण्यात हात घालू नका, हे कोरलसाठी नाही, तुमच्यासाठी.

पावसात वीज गेली तर काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि सगळे इन्व्हर्टरवर लाईट टाकून मोकळे होतात. उलटं करा. एक-दोन दिवस उजेड नसला तर कोरल मरत नाही, समुद्रात पण ढगाळ दिवस असतात, गाळाचे दिवस असतात. पाणी हललं नाही तर मात्र काही तासांत ऑक्सिजन संपतो आणि मासे-कोरल दोन्ही जातात. म्हणून इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) आणि रिटर्न पंप (फिल्टरचं पाणी टँकमध्ये परत आणणारा) ठेवा, लाईट बाहेर काढा. वीज दोन दिवसांहून जास्त गेली आणि परत आली तर लाईट थेट जुन्या टक्क्यांवर नको, थोडी खाली सुरू करून आठवडाभरात चढवा. लेखक महाशयांना जमलं तर पुढच्या रविवारी लिटर-वॅटची ती ओळ आणि कायद्याचं, दोन्ही दुरुस्त करून छापावं ही विनंती.

आपला,
एक वाचक, मालवण